निडीला घर असलेला माणूस

पेणहून रोह्याला जाणारी सकाळची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली, म्हणून मी एसटी धरली. आणि एसटीने वडखळच्या नाक्यावर मान टाकली. कंडक्टर म्हणाला, "उतरा, मागची येतेय." मागची कधी येतेय ते काही त्याने सांगितलं नाही. डिसेंबरची सकाळ, खाडीवरचं धुकं अजून उठलेलं नाही, ट्रकवाल्यांचे हॉर्न... आणि नेमका तेव्हाच ऑफिसातून पूजाचा फोन.

"किमया, सर्व्हर बसला गो! टँकर गेटवर उभे हायत. पासवर्ड दे लवकर!"

"मेसेज करते."

"मेसेज नाय येत! मोबाइलला नेट नाय इथे. तू बोल, मी टाइप करते!"

आमची कंपनी छोटी. रोह्यात कोलाड रस्त्याला एका बँकेच्या वर आमच्या दोन खोल्या. धाटावच्या कारखान्यांत कोणता टँकर कधी आत जाणार, कुठे रिकामा होणार, कधी बाहेर पडणार, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. आम्ही म्हणजे मीच. नवीन आवृत्ती चढवायची, बिघडली तर उतरवायची, सर्व्हर जागा ठेवायचा, याला ऑपरेशन्स म्हणतात. ते बंद पडलं की टँकरची रांग रस्त्यावर येते आणि सगळ्यांना एकदम माझं नाव आठवतं.

तर मी बोलले. एका कानात बोट घालून, हॉर्नच्या वर आवाज चढवून बोलले. "बी! बायजाबाईचा बी, मोठा! मग जे, जोहेचा जे! नाय गो, जोहे, माझं गाव जोहे! मग नव्व्याण्णव! मग उद्गारचिन्ह!"

सर्व्हर उठला. मी सुटकेचा श्वास टाकला, तोच मागून कोणीतरी म्हणालं, "बायजाबाईचा मोठा बी, जोहेचा जे, नव्व्याण्णव, उद्गारचिन्ह. बरोबर ना?"

मी वळले. पोह्याच्या पापडांच्या टपरीला टेकून एक मुलगा चहा पीत उभा होता. खांद्याला बॅग, नाकावर जरा वाकडा चष्मा, आणि चेहऱ्यावर असं हसू की तो ग्लास हिसकावून घ्यावासा वाटावा.

"लोकांचे फोन ऐकता?"

"ऐकत नव्हतो हो... ऐकू आला. या मावशींनाही आला." त्याने टपरीवाल्या मावशींकडे बघितलं. मावशींनी मान डोलावली. "त्या ट्रकवाल्यालाही आला असेल. पासवर्ड चांगला होता हां. आवाजच जरा मोठा होता."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. तुम्ही मात्र तो आत्ता बदला. मागची बस येईपर्यंत."

मागची बस आली तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून, मोबाइल ओढणीत लपवून पासवर्ड बदलत होते. तो माझ्या पुढच्या सीटवर बसला आणि रोहा येईपर्यंत एकदाही मागे वळला नाही, म्हणजे मुद्दामच. रोह्यात मी उतरले, तो उतरला. मी कोलाड रस्त्याला लागले, तोही लागला. बँकेचा जिना मी चढायला लागले तेव्हा खालून त्याची पावलं ऐकू आली, आणि मी दोन-दोन पायऱ्या चढायला लागले.

"आपले नवे सिक्युरिटीवाले," निलेश सर म्हणाले. निलेश सर म्हणजे आमचे मॅनेजर. "प्रणित. निडीचा आहे. अलिबागचं काम आटपून आज सकाळीच इकडे आला. प्रणित, पहिल्याच दिवशी काही दिसलं का?"

"एक पासवर्ड वडखळ नाक्यावर फिरत होता," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आता बदललाय."

त्याने माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, कारण पूजासकट सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

*

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. माझं काम चालू ठेवायचं आणि त्याचं थांबवायचं. मी दिवसभर खपून नवीन आवृत्ती तयार करायची, कारखान्याला वेळ सांगायची, सगळं जुळवून आणायचं, आणि अगदी शेवटी, बटण दाबायच्या वेळी, प्रणित खुर्ची सरकवत यायचा आणि म्हणायचा, "नाय."

"का नाय?"

"इथून कोणीही आत येईल."

"कोण येणार आहे धाटावच्या टँकरची यादी बघायला?"

"आज कोणी नाय येणार," तो शांतपणे म्हणायचा. त्याच्या त्या शांतपणाचाच मला जास्त राग यायचा.

बरं, ऑफिसात सहन केलं तर गाडीतही तोच. मी सकाळी पेणला गाडीत बसायचे, खिडकीची जागा धरायचे. ती जागा मी कोणालाही देत नाही. रोह्याच्या आधी निडीला तो चढायचा आणि नेमका माझ्यासमोर येऊन बसायचा. संध्याकाळी रोह्याहून निघालं की पहिलं स्टेशन त्याचंच. म्हणजे कसं, चार वाक्यं बोलायची आणि उतरायचं, असा सुटसुटीत सोबती. पण एका संध्याकाळी निडी आलं आणि हा उतरलाच नाही.

"तुमचं स्टेशन गेलं," मी म्हटलं.

"वाद संपला नाय ना अजून."

तो नागोठण्याला उतरला. दुसऱ्या दिवशी पेणपर्यंत आला, घरच्यांना पोह्याचे पापड हवेत म्हणून. तिसऱ्या दिवशी चष्मा नीट करायला आला. मग आत्याला भेटायला. मग परत पापड. निडीच्या एका घरात माणसं पापड खाऊन खाऊन किती खाणार? आणि पेणहून परतीची गाडी लगेच नसते. त्याला फलाटावर बसून राहावं लागायचं. मी जोह्याच्या मिनीडोर रिक्षात बसून निघाले की तो बाकावर पाय लांबवून बसलेला दिसायचा, हातात पापडांचं पाकीट. चष्मा मात्र वाकडाच.

"तो तुला पोचवायला येतो," पूजा म्हणाली.

"तो भांडायला येतो," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं... निदान बरंचसं.

भांडता भांडता एकदा मात्र भलतंच झालं. माझी तिसरी आवृत्ती त्याने शेवटच्या क्षणी अडवली होती. मी कासूपर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसले आणि मग स्फोट झाला.

"आमचा गणपतींचा कारखाना आहे, माहीत आहे ना? साच्यातून मूर्ती निघाली की आई ती ओली असतानाच चारी बाजूंनी बघते. सोंडेला चीर असली तर बोटभर शाडू लावला की झालं. तीच चीर रंग देऊन, डोळे आखून झाल्यावर दिसली तर मूर्ती फुकट! आणि तू काय करतोस? रोज माझ्या गणपतीचे डोळे आखून होईपर्यंत थांबतोस आणि मग चीर दाखवतोस!"

रागाच्या भरात मी त्याला 'तू' म्हणून गेले होते.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग कधी दाखवू?"

"ओला असताना!"

पेणला उतरून तो मिनीडोरपर्यंत माझ्या मागून आला आणि म्हणाला, "तू सांगतेस ना... त्याच्यावर लोक पुस्तकं लिहितात, किमया. तू ते गाडीत बसून, माझ्यावर ओरडत सांगितलंस."

त्यानंतर आम्ही भांडलो ते कामाचं भांडलो. कोणी कोडची एक ओळ जरी लिहिली तरी ती तिथल्या तिथे तपासली जाईल, कोणाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, चुकून कोडमध्ये राहिली असेल तर ती पुढे सरकणारच नाही, कोणी भलत्या वेळी आत शिरलं तर माझा मोबाइल वाजेल, अशी सगळी साखळी मी बांधली. तपासायचं काय ते त्याने शिकवलं, कुठे बसवायचं ते मी ठरवलं. सॉफ्टवेअर चालवणं आणि ते राखणं ही दोन कामं नव्हेतच, एकच आहे, हे मला पटलं. आणि पटलं तसं ते मला वेड्यासारखं आवडायला लागलं. या कामाला डेव्हसेकऑप्स म्हणतात. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ह्ये नाव हाय का औषध हाय गो?"

*

जानेवारी लागला आणि निलेश सरांनी सगळ्यांना बोलावलं.

"कारखानेवाल्यांची अट आली आहे. सॉफ्टवेअर चालवणारा आणि त्याच्या सुरक्षेला जबाबदार, असा एकच माणूस हवा. नवी जागा आहे, मोठी जागा आहे. इथलं कोणी तयार असेल तर जागा रोह्यात राहील. नसेल तर हे सगळं काम आपल्या ऐरोलीच्या मुख्य ऑफिसला जाईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि कामाबरोबर किमयाही."

ऐरोली मी पाहिलेली आहे. तिथे दोन वर्षं मी एका खोलीत, एका खाटेवर, डब्याच्या आमटीवर काढली आहेत. मला मोठं काम हवं होतं, पण इथे हवं होतं. संध्याकाळी घरी शाडूचा वास यावा आणि सकाळी कारखान्यांनी माझ्या नावाने हाक मारावी, दोन्ही हवं होतं. त्यात हावरटपणा असेल तर असो.

"मी तयार आहे," मी म्हटलं.

"प्रणित, तू?"

"नाय सर. मला तोडता येतं, चालवता येत नाय. टँकरवाल्यांचे फोन घ्यायची ताकद किमयामध्येच हाय."

"छान. मग तूच तोडायचं. तिची साखळी तोडून आत शिरलास तर जागा ऐरोलीला. नाही शिरलास तर जागा तिची. सगळे मार्ग खुले. खरा चोर काय परवानगी घेऊन येतो?"

संध्याकाळी गाडीत मी त्याला बजावलं. "सूट दिलीस तर तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि शिरलो तर?"

"तरी बोलणार नाही."

"म्हणजे मी कसाही मेलोच," तो म्हणाला आणि हसला. निडी मागे पडलं होतं. मी विचारलं नाही, त्याने कारण सांगितलं नाही.

त्या शनिवारी मी पेणच्या बाजारातून घरी आले तर कारखान्यात, माझ्या आईशेजारी, पोत्यावर मांडी घालून प्रणित बसला होता. हातात पॉलिशपेपर, मांडीवर गणपतीचा कान. चष्म्यावर धूळ, नाकावर धूळ, आणि तो जीभ दातात धरून असा घासत होता, जसा काही तो कान मोडला तर त्याला घरी घेणार नव्हते. आमच्याकडे अशीच रीत आहे. कारखान्यात येऊन बसलेल्या माणसाला चहाच्या आधी काम मिळतं.

"आयलीस?" आई म्हणाली. "ह्यो पोरगा मूर्ती बघाया आला. हात बरा हाय त्याचा. मी म्हटला, बस मग."

त्याने वर बघितलं. त्या धुळीच्या चष्म्यातून. आणि मला तो आवडला. तसा तो केव्हापासूनच आवडत असणार, पण ते मला तिथे, हातात मेथीची जुडी असताना कळलं, आणि त्याचासुद्धा मला रागच आला. परीक्षा तोंडावर आलेली असताना हे काय मध्येच?

आईने त्याला तांदळाची भाकरी वाढली, वालाचं बिरडं वाढलं आणि वाढता वाढता माझं सगळं बालपण वाढलं. मी शाळेत कशी जायचे नाही, मी पावसात कुठे पडले, आणि आमच्या तांबू गायीने कशी एकदा दावं तोडून कारखान्यात शिरून सगळ्या ऑर्डरच्या सोंडा मोडल्या, आणि तरी तांबूला कोणी मारू नये म्हणून मी तिच्या गळ्याला कशी मिठी मारून बसले. तो ऐकत होता, हसत होता, परत भाकरी घेत होता. मी लाजून लाल झाले होते आणि मनातून इतकी सुखात होते की बास.

*

सोमवारी दुपारी तो आत शिरला.

माझ्या साखळीला त्याने हातही लावला नव्हता. नोकरीला लागले तेव्हा उघडलेलं माझं एक जुनं खातं होतं. मी ते विसरूनही गेले होते. पासवर्ड आठवत नसेल तर एका प्रश्नाचं उत्तर द्या, असं ते विचारायचं. प्रश्न होता, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय. प्रणितने लिहिलं, तांबू. दार उघडलं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "आईने तुला भाकरी वाढली! आणि तू..."

"मी विचारलं नव्हतं, किमया."

"पण वापरलंस!"

"तूच म्हणालीस, सूट नको." त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज तोच, शांत. "मी रविवारभर विचार केला. न वापरता सोडलं असतं तर तू पास झाली असतीस. मग उद्या दुसरा कोणी आला असता मूर्ती बघायला. त्यालाही आईने भाकरी वाढलीच असती ना?"

वाढली असती. आईच काय, अख्ख्या जोह्याने त्याला तांबूची गोष्ट सांगितली असती, कारण ती गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे. जगात कोणाला माहीत नसेल असं उत्तर म्हणून मी जे ठेवलं होतं, ते आमच्या आळीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. तो बरोबर होता, आणि तो बरोबर असला की मला जास्त राग येतो.

"मी सरांना सांगितलंय," तो म्हणाला. "भोक बुजवायला आठवडा द्यायचा आणि परत तपासायचं, असा नियम असतो. सर हो म्हणालेत."

"उपकार नकोत."

"नियम हाय. उपकार नाय."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्या संध्याकाळी निडी आलं, आणि तो उठला. दारापर्यंत गेला, क्षणभर थांबला, उतरला. दुसऱ्या दिवशीही उतरला. ज्या माणसाने उतरावं म्हणून मी महिनाभर कुरकुरले, तो मुकाट्याने उतरायला लागला, आणि निडी ते पेण हा रस्ता इतका लांब आहे हे मला पहिल्यांदाच समजलं. समोरची जागा रिकामी. नागोठणे गेलं, कासू गेलं, आणि माझं डोकं ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच नाही. मला रडू आलं. एवढं सगळं त्याच्यामुळे, आणि रडू त्याच्याचसाठी. वैताग नुसता!

तिसऱ्या दिवशी तो कामावर आलाच नाही, आणि मी घरी पोचले तर आई म्हणाली, "तो पोरगा आयलता. माफी मागाया."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमची भाकरी खाऊन मी तुमच्या पोरीला पाडला. मी म्हटला, तिना लहानपणी तांबूनं पण पाडलीती. ती उठते." आईने माझ्याकडे नीट बघितलं. "तुना तो पायजे का नको, ते आधी ठरव. म्हंजे मना कळल, परत आला तर चाय द्यायची का पाणी."

"चहा दे," मी म्हटलं. आणि तिथल्या तिथे मला सुचलं.

जुनं खातं मी बंद केलंच होतं. सगळ्यांची तसली खाती शोधून बंद केली, प्रश्न काढून टाकले आणि त्याजागी प्रत्येकाला खिशात ठेवायची एक बोटाएवढी किल्ली दिली. ती संगणकाला लावल्याशिवाय कोणी आत येऊ शकत नाही. पण त्याबरोबर मी एक खोटं दारही बांधलं. बाहेरून अगदी माझ्या जुन्या खात्यासारखं. मागे काहीच नाही, एक रिकामी खोली. चोर तिथे आला की त्याला वाटावं आपण आत आलो, आणि माझा मोबाइल वाजावा.

त्या दाराला प्रश्न ठेवला, घरातल्या मांजराचं नाव.

"आई, तो आला तर त्याला मांजराचं नाव सांगशील?"

"आपल्याकडं मांजर कुठं हाय? मना खोटा नाय बोलता येत गो."

म्हणून मी शेजारच्या बायजाबाईकडून एक पिल्लू आणलं. भुरं होतं, म्हणून भुरी. आता आईला खोटं बोलायची गरज नव्हती. शनिवारी प्रणितने, मागच्या खेपेला आईकडे बुक केलेली मूर्ती बघायला म्हणून, चक्कर मारली, त्याला पॉलिशपेपर मिळाला, चहा मिळाला, आणि भुरी त्याच्या मांडीवर जाऊन झोपली. मी माळ्यावर बसून पेंढ्यात मूर्त्या बांधत होते. त्याला वाटलं मी घरी नाही.

"ही नवीन?" तो आईला म्हणाला.

"व्हय. भुरी. किमयानंच आणली."

त्याचा हात पिल्लाच्या पाठीवर थांबला. मग तो हसला, अगदी हळू, वडखळला हसला होता तसा. याला कळलं?

*

परीक्षेच्या दिवशी प्रणितने खरंच काही बाकी ठेवलं नाही. सकाळपासून तो माझ्या साखळीला धडका देत होता आणि प्रत्येक धडकेला माझा मोबाइल वाजत होता. त्याने पूजाला फोन करून आवाज बदलून पासवर्ड मागितला. पूजा म्हणाली, "वडखळला ये, ओरडून सांगते." दुपार झाली, चहा झाला, धाटावचे टँकर मुकाट आत-बाहेर जात होते. शेवटी त्याने हात वर केले.

"एकच दार राहिलं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. "ते उघडू?"

"उघड की," मी म्हटलं.

"थांब, सगळ्यांना बघू दे," म्हणत निलेश सरांनी त्याचा संगणक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला.

"सर, नको!" मी ओरडले. पण उशीर झाला होता. कारण त्या रिकाम्या खोलीत अगदीच काही नव्हतं असं नाही. तिथे एक प्रश्न होता. फक्त त्याच्यासाठी ठेवलेला.

प्रणितने लिहिलं, भुरी. दार उघडलं. आणि भिंतभर अक्षरांत, सगळ्या ऑफिससमोर, पडद्यावर आलं:

'निडीला घर असलेला माणूस रोज संध्याकाळी पेणला का उतरत होता? उत्तर एका शब्दात द्या. तीन संधी.'

निलेश सरांनी ते मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. "हा... हा सुरक्षा प्रश्न आहे?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पूजाने तोंडावर ओढणी धरली होती. प्रणित मात्र खुर्चीत सावरून बसला. त्याने लिहिलं, पापड.

'उत्तर चुकलं.'

त्याने लिहिलं, आत्या.

'उत्तर चुकलं. शेवटची संधी.'

मग त्याची बोटं थांबली. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला; तो वाकडाच बसला. माझ्याकडे बघितलं नाही. कान मात्र तांबडेलाल झाले होते. त्याने एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

किमया.

'उत्तर बरोबर. पण आत काही नाही, तुम्ही पकडले गेला आहात. बाहेर या.'

मग निलेश सर खाकरले आणि म्हणाले, "म्हणजे आत शिरता आलं नाही, असंच ना? मग जागा किमयाची. रोह्यातच." आणि ते घाईघाईने कारखान्याला फोन करायला बाहेर गेले.

जागा मिळाली होती. ज्यासाठी एवढा जीव काढला ती मिळाली होती, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, "तुला भुरीचं कळलं होतं! मग मुद्दाम शिरलास?"

"शेवटी शिरलो. बाकी सगळं खरंखुरं करून झाल्यावर," तो म्हणाला. "खरं सांगू? तुझं सगळं पक्कं हाय. एक चूक मात्र परत केलीस."

"कोणती?"

"उत्तर सगळ्यांना माहीत असेल असा प्रश्न ठेवायचा नसतो."

मी पूजाकडे बघितलं. पूजाने ओढणीआडून मान डोलावली. मग तिच्या मागच्या टेबलावरच्यांनीही डोलावली.

*

संध्याकाळी गाडीत तो माझ्यासमोर बसला होता. आईचा फोन येऊन गेला होता. बातमी ऐकून ती म्हणाली, "बरा झाला. दारात पोपटी लावलीय, मडक्यात वालाच्या शेंगा घातल्यात. त्याना पण आण." बातमीतली नेमकी कोणती बातमी तिने ऐकली, मी विचारलं नाही.

निडी आलं. गाडी थांबली. फलाटावर दोन बायका चढल्या, एक म्हातारा उतरला. प्रणित जागचा हलला नाही.

"स्टेशन आलं," मी म्हटलं.

"दिसलं."

गाडी सुटली. निडीचे दिवे मागे सरकले.

"मग? पापड?"

"नाय," तो म्हणाला. थांबला. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "तू."

"वैताग आहेस नुसता," मी म्हटलं, आणि उठून खिडकीची जागा त्याला दिली.